हमीदची गोष्ट मोहसिनने सांगितली तर?

मराठीच्या पेपरात आत्मकथन येतं म्हणून आपली मुलं गाइडमधलं फाटक्या पुस्तकाचं मनोगत पाठ करून जातात. पुस्तक रडतं, उपदेश करतं, मार्कही मिळतात. पण दुसऱ्याच्या जागी उभं राहून लिहायचं कसं, ते काही येत नाही. त्यासाठी आम्ही वर्गात मुन्शी प्रेमचंद यांची १९३३ सालची 'ईदगाह' घेतो. आपल्या बहुतेक घरांत ती कुणीतरी उर्दूत किंवा हिंदीत वाचलेली असते.

चार-पाच वर्षांचा पोरका हमीद तीन पैसे घेऊन ईदच्या मेळ्याला जातो. बाकीची मुलं खेळणी, मिठाई घेतात. हा दादीसाठी लोखंडी चिमटा घेतो, कारण तव्यावरून रोट्या काढताना तिची बोटं भाजतात.

आता हीच गोष्ट चिमटेवाल्याने सांगायची. पहिल्याच ओळीत मुलं अडकतात. "हमीद दादीसाठी चिमटा घ्यायला आला," असं लिहितात. आम्ही विचारतो, दुकानदाराला दादी कुठून माहीत? त्याला दिसतं ते एवढंच, की एक लहान पोर चिमट्याची किंमत विचारतंय. सहा पैसे सांगितले, पाचावर आलो, पोर तीनवर अडलं. कशाला हवा होता, कोण जाणे! सांगणाऱ्याने जेवढं पाहिलं-ऐकलं तेवढंच लिहायचं, बाकी त्याने अंदाज करावा. अंदाज चुकला तरी चालेल.

दादीच्या बाजूने लिहिताना मेळा गायब होतो, उरते ती दिवसभराची काळजी. इथे मुलगे हमखास "मी दारात बसलो" लिहितात. दादी 'बसले' म्हणेल ना! घरी उर्दू आणि शाळेत मराठी असलेल्या मुलांना हा सराव व्याकरणाच्या तक्त्यापेक्षा जास्त उपयोगी पडतो.

सगळ्यात अवघड मोहसिन. तो हमीदला रेवडी देऊ करतो आणि स्वतःच्याच तोंडात टाकतो. मुलांना त्याला व्हिलन करायचं असतं. पण 'मी' म्हणून लिहायचं तर स्वतःला कोण दुष्ट म्हणेल? एका मुलाने लिहिलं, "हमीदने हात पुढे केला तेव्हा द्यावीशी वाटली, पण सगळे बघत होते." वर्गात डबा हिसकावण्यात हाच मुलगा पुढे असायचा. आम्ही त्यावर काही बोललो नाही, फक्त ते वाक्य मोठ्याने वाचलं.

काही पालक विचारतात, मुलांना खोटं लिहायला का शिकवता? गोष्ट आहे हे लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला, दोघांनाही माहीत असतं. यात फसवणूक कुणाची?

घरीही करून बघा. भावा-बहिणीचं भांडण झालं की शांत झाल्यावर दोघांना पाच-पाच ओळी लिहायला सांगा. भावाने बहीण होऊन, बहिणीने भाऊ होऊन. मग वह्या अदलाबदल करा आणि "मला असं वाटलंच नव्हतं" कुठे वाटतं, तिथे खूण करू द्या. आधी उर्दूत सुचलं तर उर्दूत सांगू द्या, मराठी नंतर. आणि त्या दिवशी तरी ऱ्हस्व-दीर्घ काढत बसू नका.