काळजीची टक्केवारी आणि खालापूरचे आकडे

हवामानबदलाची खूप किंवा अतिशय काळजी वाटते, असे सांगणारे १६ ते २५ वयाचे भारतीय ६८ टक्के. हा आकडा २०२१ साली दहा देशांतल्या १० हजार तरुणांच्या पाहणीतला; तिची सरासरी ५९ टक्के होती. हवामानबदलाविषयीच्या भावनांचा रोजच्या जगण्यावर वाईट परिणाम होतो, असे म्हणणारे भारतात ७४ टक्के निघाले. सर्व देश मिळून ४५ टक्क्यांच्या थोडे वर.

ही पाहणी ऑनलाइन होती. येल विद्यापीठ आणि सी-व्होटर यांनी १८ वर्षांवरील भारतीयांना फोनवर विचारले, तेव्हा चित्र बदलले (अहवाल २०२२). जागतिक तापमानवाढीची भरपूर माहिती असलेले १० टक्के. जुजबी माहिती असलेले किंवा काहीच न ऐकलेले ५४ टक्के. थोडक्यात समजावून सांगितल्यावर मात्र ८४ टक्के म्हणाले, हे घडते आहे. नमुने वेगळे, त्यामुळे ६८ मधून १० वजा करण्यात अर्थ नाही. अनुभव आहे, माहिती नाही, एवढे नक्की दिसते.

रायगड जिल्ह्यातल्या खालापूर तालुक्यात हा अनुभव १९ जुलै २०२३ च्या रात्री आला. तीन दिवसांत ४९९ मिमी पाऊस झाला आणि इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वस्ती २२८ जणांची. २७ मृतदेह मिळाले, ५७ बेपत्ता. म्हणजे ३७ टक्के माणसे गेली. दरडप्रवण गावांच्या यादीत ही वाडी नव्हती.

उष्णतेचा हिशेब आणखी निसरडा आहे. महाराष्ट्रात उष्माघाताचे रुग्ण २०२२ मध्ये ७६७, तर २०२३ मध्ये ३,१९१ नोंदले गेले, चौपटीहून जास्त. त्याच वर्षी १६ एप्रिलला याच जिल्ह्यातल्या खारघरच्या भर उन्हातल्या पुरस्कार सोहळ्यात १४ जण दगावले. उष्णतेच्या लाटेसाठी किनारपट्टीला ३७ अंशांचा निकष आहे, मैदानी भागाला ४० चा. कर्जत-खालापूरला समुद्र नाही, तरी इशारा येतो तो अख्ख्या रायगडच्या नावाने.

एप्रिलच्या दुपारी वीटभट्टीवर कच्च्या विटा उचलणाऱ्या कातकरी पोराला भोवळ आली, तर त्याला सावलीत निजवून कांदा हुंगवतात. अंग ४० अंशांवर तापले आणि तो असंबद्ध बोलू लागला, तर तो उष्माघात असतो, आणि पहिल्या अर्ध्या तासात अंगावर पाणी ओतण्याला महत्त्व असते. दवाखान्यात नेले, तरच तो ३,१९१ सारख्या आकड्यात मोजला जातो.