फोडणीचा बोभाटा

मोहरी तडतडली, जिरं पडलं, हिंगाची चिमूट सुटली आणि कढीपत्त्याची ओली पानं तेलात उतरतायत न उतरतायत तोच डोक्यावर कुणीतरी गळा काढला. मी उलथनं टाकलं. नवऱ्याने आधी गॅस बंद केला, मग काय बंद करायचं ते शोधू लागला. मागच्या बाकावर जप करत बसलेल्या सासूबाईंनी एक डोळा उघडून विचारलं, "अगं, अँब्युलन्स आली का कुणाची?"

अँब्युलन्स नव्हती. आमच्याच गाडीच्या छताला चिकटलेली बशीएवढी पांढरी डबी ओरडत होती. स्थळ भेडाघाट, वेळ कोजागरीच्या दुसऱ्या दिवशीची संध्याकाळ. सासूबाईंना नर्मदादर्शन घडवायचं म्हणून नागपुरातून एक कॅराव्हॅन भाड्याने घेतली होती. टेम्पो ट्रॅव्हलरच्या सांगाड्यावर बांधलेली, आत दोन बाक, रात्री त्यांचेच पलंग, आणि एका कोपऱ्यात दोन शेगड्यांचा ओटा. शिवनी, लखनादौन करत तिलवाराघाटाचा पूल ओलांडला तेव्हा सासूबाईंनी खिडकीतून हात जोडून "नर्मदे हर" म्हटलं. त्यानंतर रात्रीच्या वरणाला फोडणी देईपर्यंत सगळं सुरळीत होतं.

गंमत म्हणजे तेव्हा गाडीत धूर दिसतच नव्हता. नवऱ्याचं मत पडलं की डबी बिघडलेली आहे, बॅटरी काढून टाकू. गाडी ज्याच्याकडून घेतली त्यानेही फोनवर तेच सांगितलं, "सगळे काढूनच ठेवतात, मॅडम." परदेशात राहणाऱ्या आपल्या मंडळींकडेही याचे किस्से कमी नाहीत. चकल्या तळताना अलार्मला शॉवर कॅप घालणारी एक भाची माझीच आहे. पण ती डबी बिघडलेली नव्हती. तिला जे टिपायला बसवलं होतं, तेच तिने टिपलं होतं.

दुपारी जेवणाच्या खोलीत उन्हाचा कवडसा पडतो. त्यातली धूळ आपल्याला बाजूला बसूनही दिसते, कारण प्रत्येक कण थोडा उजेड आपल्याकडे उडवतो. बऱ्याच अलार्मच्या आत हाच कवडसा कोंडलेला असतो. काळोख्या कप्प्यात बारीक दिव्याचा झोत, आणि त्या झोताच्या वाटेत येणार नाही असा एक प्रकाशसंवेदक. हवा स्वच्छ असेल तर संवेदकाला अंधारच दिसतो. धूर शिरला की कण उजेड विखुरतात, संवेदकावर प्रकाश पडतो आणि भोंगा वाजतो. हा झाला फोटोइलेक्ट्रिक अलार्म. धुमसणारी गादी, वितळणारी वायर अशा जाड कणांच्या धुराला तो लवकर ओळखतो.

दुसऱ्या जातीच्या पोटात अमेरिशियम-241 नावाचा किरणोत्सारी पदार्थ असतो, एका मायक्रोग्रॅमच्या जेमतेम तिसऱ्या हिश्शाएवढा. त्याचं अर्धायुष्य 432 वर्षं. त्याच्या अल्फा कणांमुळे दोन पट्ट्यांमधली हवा विद्युतभारित होते आणि एक क्षीण प्रवाह सतत वाहत राहतो. धुराचे कण आत आले की ते भार उचलतात, प्रवाह घटतो, भोंगा वाजतो. हा आयोनायझेशन अलार्म भडकलेल्या ज्वाळेच्या अतिसूक्ष्म कणांना चटकन पकडतो. कडकडीत तापलेल्या तेलातून उठणारे कणही नेमके तसेच, मायक्रॉनपेक्षा बारीक, डोळ्यांना न दिसणारे. म्हणून आपल्याला ठसका लागायच्या आत याचा बोभाटा सुरू होतो. आमच्या गाडीत हाच होता.

या डब्यांचा इतिहासही मजेदार आहे. 1930च्या दशकाच्या अखेरीस वाल्टर येगर हा स्विस पदार्थवैज्ञानिक विषारी वायू ओळखणारं यंत्र जुळवत होता. वायू सोडला तरी काटा ढिम्म. वैतागून त्याने सिगारेट पेटवली आणि तिच्या धुराने काटा हलला. म्हणजे हे उपकरण जन्माला आलं तेच चुकीच्या वासावर ओरडत. अमेरिशियमची कथा त्याहून न्यारी: 1944 मध्ये शिकागोत सापडलेल्या या मूलद्रव्याचं अस्तित्व त्याच्या शोधकांपैकी एक, ग्लेन सीबॉर्ग यांनी 1945 च्या नोव्हेंबरात मुलांच्या एका रेडिओ प्रश्नमंजूषेत सांगून टाकलं, शास्त्रज्ञांच्या सभेत जाहीर होण्याआधी.

तर मग फोडणीचं काय? अमेरिकेतल्या अग्निसुरक्षेच्या एनएफपीए 72 या नियमावलीत शेगडीपासून 10 फुटांच्या आत धुराचा अलार्म लावू नये, आणि 10 ते 20 फुटांत लावायचा तर फोटोइलेक्ट्रिक किंवा थोडा वेळ गप्प करता येणारा लावावा, असा दंडक फार वर्षं चालत आला. हे वाचून आम्ही हसलो. दहा फूट म्हणजे आमचं अख्खं घर! कढईपासून डबीपर्यंतचं अंतर मी हाताने मोजलं, सव्वा हात भरलं. घरातल्या स्वयंपाकघराची हवा बैठकीत, जिन्यात, गच्चीत पांगते. गाडीतली हवा मोजून दहा-पंधरा घनमीटर. त्यात एक पळी फोडणी म्हणजे घागरीत शाईची दौत उपडी केल्यासारखं.

अलार्म बनवणाऱ्यांनाही हे ठाऊक आहे. अमेरिकेच्या यूएल 217 मानकाच्या अलीकडच्या आवृत्तीत एक चाचणी आली: गोठवलेल्या हॅम्बर्गरच्या टिक्क्या भाजायच्या आणि अमुक इतका धूर होईपर्यंत अलार्मने तोंड मिटून बसायचं. चांगली गोष्ट आहे. लसणीच्या ठेच्याची चाचणी मात्र अजून कुणी घेतल्याचं ऐकिवात नाही.

या सगळ्यात भेडाघाटाने भर घातली ती वेगळीच. इथे नर्मदा संगमरवराच्या चिंचोळ्या घळीत उडी घेते आणि तुषारांचा असा लोट उठतो की त्या धबधब्याचं नावच धुआंधार पडलं. कठड्याशी उभं राहिलं की चष्मा दोन मिनिटांत आंधळा होतो. म्हटलं तर तो धूर, म्हटलं तर नुसतं पाणी. फोटोइलेक्ट्रिक डबीला हा फरक कळत नाही. पाण्याचे बारीक थेंबही उजेड विखुरतात. कुणी तिथल्या कठड्यावर ती बसवली तर इथल्या देवळातल्या चौसष्ट योगिनींनाही झोप लागायची नाही. कुकरची शिट्टी, इडलीपात्राचं झाकण उघडल्यावरचा फुत्कार, थंडीत दारं बंद करून केलेली आंघोळ, सगळं तिच्या लेखी धूरच. नदीकाठचे बारीक किडे दिव्याला भुलून आत शिरतात, तेव्हाही ती ओरडते. त्यावर उपाय सोपा: महिन्यातून एकदा मऊ ब्रशने झटकणं.

आमचा गोंधळ ऐकून शेजारच्या बसमधून एक गृहस्थ आले. पुण्याहून नर्मदेच्या परिक्रमावासींना घेऊन निघालेल्या बसचे आचारी. अशा बसबरोबर आचारी, भांडी, शिधा सगळं असतं आणि मुक्कामाच्या अंगणात भट्टी लागते. त्यांनी आमचा ओटा बघितला, छताकडे बघितलं आणि म्हणाले, "ताई, एवढ्याशा डब्यात फोडणी द्यायचीच कशाला? फोडणी बाहेर द्यायची, वाऱ्याला पाठ करून. वरण आत शिजू द्या की." मग त्यांनी आमचं कढलं हातात घेतलं आणि भट्टीकडे चालू लागले. तेल तापताना त्यांचं लक्ष तेलाच्या रंगावर नव्हतंच, मोहरीच्या एका दाण्यावर होतं. चार दाणे आधी टाकायचे. ते फुटले की आच बारीक, मग बाकीची मोहरी. हिंग-हळद तर कढलं उतरवल्यावर. "धूर निघाला म्हणजे तेल मेलं," ते म्हणाले. घाण्याच्या शेंगदाणा तेलाला रिफाइंडपेक्षा बरंच लवकर धूर सुटतो, आणि आम्ही नेमकं तेच बरोबर घेतलं होतं, कौतुकाने.

गाडीच्या आतही पुष्कळ काही करता येतं, पण क्रम महत्त्वाचा. पंखा आणि छताची झडप तेल तापायच्या आधी उघडायची, ओरडायला लागल्यावर नव्हे. वाऱ्याच्या बाजूची एक खालची खिडकी उघडी हवी, म्हणजे हवा खालून शिरून छतातून निघते. कढईवर झाकण तयार ठेवावं. अलार्म बदलायचा तर फोटोइलेक्ट्रिक घ्यावा, गप्प करायचं बटण असलेला. ते दाबलं की डबी काही मिनिटं नरमाईने घेते आणि मग आपोआप पहाऱ्यावर येते. जागा ओट्यापासून जितकी लांब जमेल तितकी, पलंगाच्या बाजूला. अलार्मचंही वय असतं. साधारण दहा वर्षांनी तो बदलावा लागतो. स्कॉटलंडमध्ये फेब्रुवारी 2022 पासून प्रत्येक घराच्या स्वयंपाकघरात धुराऐवजी उष्णतेवर चालणारा अलार्म सक्तीचा झाला. त्याला फोडणीशी देणंघेणं नसतं, छताजवळचा पारा साधारण 58 अंशांवर गेला की तो वाजतो. पण जिथे ओटा आणि पलंग एकाच खोलीत आहेत तिथे त्याच्या एकट्यावर विसंबून झोपता येत नाही.

बॅटरी काढायची नाही हे मी का धरून बसले, ते नवऱ्याला रात्री सांगितलं. 26 ऑगस्ट 2023 च्या पहाटे मदुराई स्टेशनजवळ उभ्या असलेल्या एका खासगी पर्यटक डब्याला आग लागली. लखनौहून यात्रेकरू घेऊन तो डबा निघाला होता. नियम मोडून आत गॅस सिलिंडर नेला होता, त्यावर चहाची तयारी चालली होती. 9 जण गेले. आपल्यासारखीच माणसं, तीर्थयात्रेला निघालेली, सकाळचा चहा हवा असलेली. उभी गाडी, कोंडलेली जागा, झोपलेली माणसं आणि आतला गॅस, या चारही गोष्टी आमच्याकडे होत्या. महाराष्ट्राने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, अशा गाड्या आता वाढतच जाणार. त्या भाड्याने देताना चादरी किती ते सगळे सांगतात, अलार्मबद्दल अवाक्षर नाही.

शिवाय धुराची डबी सगळंच ओळखत नाही. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा दीडपट ते दुप्पट जड. गळला तर तो जमिनीवर पसरतो, बाकांखाली साठतो. त्याचा अलार्म पायाशी हवा, छताला लावून उपयोग नाही. तिसरा शत्रू कार्बन मोनॉक्साइड. त्याला वास नाही, रंग नाही, ठसका नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेपटीहून जास्त घट्ट चिकटतो. भेडाघाटाला लोक गोवऱ्यांवर कणकेचे गक्कड भाजतात, वांग्याचं भरीत करतात, त्या खरपूस वासावर आमचाही जीव जडला होता. त्या निखाऱ्यांचं घमेलं रात्री ऊब म्हणून गाडीत घ्यायची कल्पना निघालीच. उत्तरेत दर थंडीत बंद खोलीतल्या अशा शेगड्या याच वायूने माणसं मारतात. घमेलं बाहेरच राहिलं, आम्ही दोन रजया जास्त पांघरल्या.

सकाळी मी पोहे केले. कांदा आत चिरला, पोहे आत भिजवले आणि फोडणी आचारीकाकांच्या भट्टीवर. कढई झाकून आणली, आत शिरले, झाकण काढलं. शांतता. इतकी की नवऱ्याला संशय आला. मी रात्रीतून गुपचूप बॅटरी काढली की काय, म्हणून त्याने हात वर करून चाचणीचं बटण दाबलं. डबी पूर्ण ताकदीने किंचाळली. सासूबाईंच्या हातातली पोह्यांची बशी हलली आणि पलीकडच्या बसमधून काकांची हाक आली, "ताई, करपलं का?"