निलंबन आधारांचा भंग व त्याचे निदान
मोटारगाडीची चाके व आस यांना गाडीच्या सांगाड्याशी, म्हणजे चासीशी, लवचिकपणे जोडणाऱ्या योजनेस निलंबन म्हणतात. गॅरेजांत तिला सस्पेन्शन हे नाव रूढ आहे. या योजनेतील पाटे, धक्काशोषक व दांडे ज्या कंसांवर, बोल्टांवर व बुशांवर अडकविलेले असतात, ते निलंबन आधार होत. पक्का रस्ता सोडून खडक, चिखल किंवा वाळू यांतून चालणाऱ्या गाड्यांत हे आधार वरचेवर भंगतात. १९४७ साली मुंबईत विलीज जीपची जोडणी सुरू झाली, तेव्हापासून अशा गाड्या महाराष्ट्रात परिचयाच्या आहेत.

जीपच्या पुढील व मागील ताठ आसा पाट्यांवर बसविलेल्या असतात. पाट्याचे एक टोक चासीवरील स्थिर कंसात व दुसरे हलत्या शॅकलमध्ये अडकविलेले असते, कारण भाराखाली पाटा सपाट होऊन त्याची लांबी वाढते. पाटे केवळ भार पेलत नाहीत. आस जागेवर धरण्याचे कामही तेच करतात. ब्रेक दाबताना व गिअर टाकताना निर्माण होणारा सारा जोर अखेर स्थिर कंसावर येतो. म्हणून कंस मोडला की आस सरकते, आणि ती पुढील असेल तर सुकाणूवरील ताबाच जाऊ शकतो.

आधार सहसा एका धक्क्याने मोडत नाहीत. उलटसुलट भारांनी धातूला शिणवटा येतो व भोकाच्या कडेला किंवा वितळजोडाच्या टोकाशी बारीक भेग पडते. कोकणपट्टीत याला गंजाची जोड मिळते. रायगड जिल्ह्यात उरणजवळ असलेल्या द्रोणागिरी परिसराचे उदाहरण बोलके आहे. खाडी, खाजण व मिठागरे यांच्या सान्निध्यातील या सखल भागात भराव घालून सिडकोने वसाहत आखली. १९८९ साली जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाल्यावर अवजड वाहतूकही आली. अशा भूमीवरील खारट चिखल कंस व चासी यांच्या फटीत आणि चासीच्या पोकळीत साचतो. बाहेरून गाडी धुतली, तरी तेथवर पाणी पोहोचत नाही. फटीत तयार होणारा गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापत असल्याने पत्रे एकमेकांपासून फाकतात, रिव्हेट ढिले होतात आणि वरून धडधाकट दिसणारा कंस आतून पोखरलेला असतो. रंगाचा ताजा थर येथे फसवा ठरतो.

निदानाची सुरुवात सपाट जमिनीवर, गाडीचा भार चाकांवर असताना करावी. सुकाणू सरळ ठेवून दोन्ही बाजूंच्या पुढील व मागील चाकांच्या मध्यांमधील अंतर मोजावे. ते ठळकपणे भिन्न आढळल्यास एखादी आस तिरकी झाली आहे. मात्र एवढ्यावरून कंस मोडला असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. आस पाट्यावरून सरकली असेल, तर मध्यबोल्ट तुटलेला किंवा यू-बोल्ट ढिले असतात. आस पाट्यावर जागच्या जागी असून पाटाच चासीच्या संदर्भात सरकला असेल, तर दोष कंसात, बुशात किंवा शॅकलमध्ये असतो. हा एक भेद नीट पाहिला, तर बरेचसे अनावश्यक खोलकाम वाचते. गाडी एका बाजूला कलली असून आस सरळ असल्यास मोडका किंवा थकलेला पाटा आधी तपासावा. गाडी मुळीच न कलता लहान खड्ड्यांत खडखडाट होत असेल, तर धक्काशोषकाच्या आधाराचा संशय घ्यावा, कारण तो गाडीचे वजन पेलत नाही.

यानंतर मदतनिसाने सुकाणू थोडे डावी-उजवीकडे फिरवावे व निरीक्षकाने बाजूने सांधे पाहावेत. इंजिन चालू असताना गाडीखाली जाऊ नये. पुढे चाकांना अडणी लावून चासी भक्कम घोड्यांवर टेकवावी व आस लोंबती ठेवावी. केवळ जॅकच्या भरवशावर खाली शिरणे जीवावर बेतू शकते. भाराखाली मिटलेली भेग अशा स्थितीत उघडते. पहारीने हलका रेटा दिल्यास ती हलताना दिसते. सांध्याभोवतीची तांबूस भुकटी किंवा घासून चकचकीत झालेला पट्टा हीही हालचालीची खूण होय. शंका उरल्यास जागा खरवडून स्वच्छ करावी, रॉकेल लावून पुसावी व खडूची पूड चोपडावी. भेगेतील रॉकेल पाझरून पुडीवर रेघ उमटते. हातोडीच्या हलक्या ठोक्याला खपल्या पडल्या व आवाज बद्द आला, तर चासीचा पत्राच क्षीण झालेला असतो.

पाट्यांऐवजी मळसूत्री स्प्रिंग असलेल्या गाड्यांत, उदाहरणार्थ २०२० साली आलेल्या थारच्या मागील आसेत, भार स्प्रिंग पेलते व आस दांडे धरतात. तेथे दांड्याचा कंस मोडल्यास गाडी न कलताही आस सरकते. गाडीची उंची हौसेने वाढविली आणि धक्काशोषक मात्र पूर्वीचेच ठेवले, तर चाक लोंबताना आसेचा भार धक्काशोषकावर येऊन त्याचे आधार उखडतात. हा दोष कारखान्याचा नव्हे, फेरफाराचा होय.

दुरुस्तीत गंजलेल्या पत्र्यावर वितळजोड देणे व्यर्थ असते. निरोगी धातू लागेपर्यंत तो कापून काढावा. जोडपट्टीची टोके निमुळती ठेवावीत व चासीच्या कडपट्टीवर आडवा वितळजोड टाळावा, अन्यथा नवी भेग तेथूनच सुरू होते. पाट्याला वितळजोड कधीही देऊ नये. रबरी बुशाचे बोल्ट गाडी चाकांवर उभी केल्यानंतरच पूर्ण आवळावेत. आस लोंबती असताना ते आवळल्यास रबर कायम पिळलेल्या स्थितीत राहते व लवकर फाटते.