डिकीचा दोष कुलपाच्या माथी

हॅचबॅक गाडीची डिकी नीट लागेनाशी झाली की पहिला संशय कुलपावर जातो. खालच्या उंबऱ्यावरची कडी, गॅरेजच्या भाषेत स्ट्रायकर, ढिली करून इकडेतिकडे सरकवली जाते, झाकण दोनदा आपटून पाहिले जाते आणि गाडी परत मिळते. ही दुरुस्ती चुकीच्या टोकाकडून सुरू झालेली असते. कोणत्याही ताठ वस्तूला सहा प्रकारे हलता येते: तीन दिशांना सरकणे आणि तीन अक्षांभोवती फिरणे. छताजवळच्या दोन बिजागऱ्या यांतल्या पाच हालचाली काढून घेतात आणि उघडझापीची एकच शिल्लक ठेवतात. कुलपाने फक्त तेवढी अडवायची. डिकी डावीकडे कलली असेल तर ते बिजागरीचे काम. कुलपाकडून ते निस्तरायचे म्हटले की पत्र्याला वाकावे लागते.

बिजागरीतला फरक खाली येईपर्यंत वाढतो. दोन बिजागऱ्यांत ६० सेंटिमीटर अंतर आणि झाकणाची उंची ९० सेंटिमीटर धरा. एक बिजागरी दुसरीपेक्षा १ मिलिमीटर खाली बसली, तर खालची कडा दीड मिलिमीटर बाजूला सरकते. म्हणजे एका बाजूची फट दीडने वाढते, दुसरीची दीडने घटते आणि दोन्हींत ३ मिलिमीटरची तफावत पडते. मूळ फटच मोजक्या मिलिमीटरची असल्यामुळे ती लांबूनही दिसते. खात्री करायची तर स्ट्रायकर काढून ठेवावा आणि झाकण हाताने अलगद खाली आणावे. आता त्याला ओढणारे कोणी नसते. ते जिथे येऊन टेकते, तीच बिजागऱ्यांची खरी साक्ष.

यावर कोणी म्हणेल, पत्रा काही ताठ नसतो, आणि कडी सरकवल्यावर डिकी लागते ना? लागते, आणि ती पत्रा लवतो म्हणूनच लागते. पण लवलेला पत्रा मूळ जागी जायला बघतो. प्रत्येक खड्ड्यात तो कुलपावर आडवा रेटा देतो, करकरतो, कोपऱ्यात रंग घासतो. शिवाय रबराचे बीडिंग एका बाजूला चेपते, दुसऱ्या बाजूला सैल राहते. धावत्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी होतो, त्यामुळे तिथे घोटाळणारी धूळ आणि सायलेन्सरचा धूर सैल फटीतून आत येऊ शकतात. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. कागदाची पट्टी बीडिंगवर ठेवून डिकी लावावी आणि पट्टी ओढावी. जिथे ती सहज सुटते, तिथे रबर दाबत नाही. (मेकॅनिकला हे ठाऊक नसते असे नाही, बिजागरीचे बोल्ट छताच्या अस्तराआड असले की ते उतरवायचा कंटाळा येतो आणि गिऱ्हाईक शेजारी घाई करत उभे असते.)

म्हणून क्रम आधी बिजागरी, मग खालच्या कोपऱ्यांतले रबरी स्टॉपर, शेवटी कडी. बोल्ट सैल करण्यापूर्वी बिजागरीच्या कडेने पेन्सिलची रेघ ओढली की किती सरकले ते कळते. कडी जेमतेम हलेल इतकीच ढिली ठेवून झाकण हळूच लावावे. कुलूप तिला आपल्या मध्यावर आणते, मग ती आवळायची. मागून ठोकर बसलेल्या गाडीत मात्र हा क्रमही पुरत नाही. डिकीच्या चौकटीचे दोन्ही कर्ण टेपने मोजावेत. बांधणी दोन्ही बाजूंना सारखी असलेल्या गाडीत ते जुळले नाहीत, तर चौकटच पिळलेली आहे. तिथे बिजागरीला हात लावण्याआधी डेंटरकडून चौकट ओढून घ्यावी लागते.