लोखंड, उजेड आणि प्रबंध

कोल्हापुरात खरी कॉर्नरला सिनेमाच्या कॅमेऱ्याचा स्तंभ उभा आहे. राजांचे, संतांचे, पुढाऱ्यांचे पुतळे गावोगावी दिसतात. एखाद्या यंत्राचं स्मारक क्वचितच. ज्या यंत्राची ही आठवण आहे ते १९१८ साली याच गावात तयार झालं, आणि ते घडवणारे कुठल्या प्रयोगशाळेतले शास्त्रज्ञ नव्हते. ते नाटकांचे पडदे रंगवणारे पेंटर होते.

बाबूराव कृष्णराव मेस्त्री, म्हणजेच बाबूराव पेंटर (१८९०–१९५४), आणि नात्याने त्यांचे भाऊ लागणारे आनंदराव. दोघांनी संगीत नाटक मंडळ्यांसाठी रंगवलेले पडदे महाराष्ट्रभर गाजत होते. १९१३ साली फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ आला आणि या दोघांना सिनेमाचं वेड लागलं. मुंबईच्या जुन्या बाजारातून त्यांनी एक प्रोजेक्टर आणला. लोकांना चित्रपट दाखवता दाखवता त्याच यंत्राचा अभ्यास केला. मग आनंदरावांनी कॅमेरा जुळवायला घेतला. १९१६ साली, काम अर्धवट असताना, ते वारले. पुढे दोन वर्षांनी बाबूराव आणि विष्णुपंत दामले यांनी चालता कॅमेरा उभा केला.

या कामाला ‘संशोधन’ म्हणावं की ‘कारागिरी’? हा प्रश्न शब्दांचा वाटतो, पण विद्यापीठात कुणाला जागा मिळते आणि कुणाचं ज्ञान नोंदवलं जातं, हे त्यावरच ठरतं.

पडदा हाच परीक्षक

आधी काम काय होतं ते पाहू. सिनेमाची फिल्म ३५ मिलिमीटर रुंद. कडांना भोकं, एका चौकटीमागे चार. मूकपटाच्या काळात सेकंदाला साधारण १६ चौकटी. प्रत्येक चौकट भिंगासमोर येऊन पूर्ण थांबली पाहिजे, शटर उघडून मिटलं पाहिजे, आणि शटर मिटलेलं असतानाच फिल्म नेमकी चार भोकं पुढे सरकली पाहिजे. हे सगळं हाताने दांडी फिरवत. इथे केसभर चूक झाली, तर पडद्यावर ती शेकडो पट मोठी होऊन चित्र थरथरतं. दाता घासायचा, फिल्म चालवायची, धुवायची, पडद्यावर पाहायची, पुन्हा दाता घासायचा. अंदाज बांधणं, तो तपासणं, चुकला तर सोडून देणं, याखेरीज प्रयोग वेगळा काय असतो?

कृष्णराव मेस्त्रींच्या घरात सुतारकाम, लोहारकाम, चित्र आणि शिल्प एकाच छपराखाली नांदत होतं. त्यामुळे बाबूरावांना यंत्र आणि चित्र हे दोन वेगळे प्रांत वाटलेच नाहीत.

कॅमेरा झाला, आणि दुसरा शोध सुरू झाला तो उजेडाचा. त्या काळच्या फिल्मला तांबडा रंग दिसत नसे. कुंकू काळं उमटे, निळं आभाळ पांढरं पडे. रंगांवर हात बसलेल्या चित्रकाराला सगळी दृष्टी नव्याने शिकावी लागे. सपाट पडद्यावर सावली रंगवणारे बाबूराव आता खोली असलेले सेट उभारून खऱ्या सावल्या पाडू लागले. त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीला गायिका तानीबाई कागलकरांनी आर्थिक आधार दिला होता. कंपनीचा ‘सैरंध्री’ १९२० साली पुण्यात झळकला. त्यातला कीचकवध इतका खरा वाटला की त्याला कात्री लावावी लागली. लोकमान्यांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ म्हणून गौरवलं. १९२३ च्या ‘सिंहगड’मध्ये त्यांनी कृत्रिम प्रकाश वापरून रात्र उभी केली. १९२५ च्या ‘सावकारी पाश’मध्ये मंद उजेडातली एक झोपडी आणि तिच्यासमोर रडणारं कुत्रं होतं. चित्रपट मूक होता, तरी चित्रपटकार जे. बी. एच. वाडियांच्या आठवणीत त्या कुत्र्याचा आवाज राहिला. उजेडातून आवाज ऐकवता येतो, हा निष्कर्ष कुठल्या प्रबंधात नाही. तो पडद्यावर सिद्ध झाला.

पाच कसोट्या

संशोधन कशाला म्हणायचं, यासाठी जगभरचे देश ‘फ्रास्काटी मॅन्युअल’ची व्याख्या मानतात. २०१५ च्या आवृत्तीत तिच्या पाच कसोट्या आहेत. काम नवं असावं, सर्जनशील असावं, त्याचा निकाल आधी ठाऊक नसावा, ते पद्धतशीर असावं, आणि त्यातून मिळालेलं ज्ञान दुसऱ्याला देता यावं किंवा पुन्हा करून पाहता यावं. कोल्हापूरच्या कॅमेऱ्याला पहिल्या चार कसोट्या लावून पाहा. कुठेही कमी पडत नाही. कलात्मक संशोधनावर शास्त्राचा खरा आक्षेप असतो तो पाचव्या कसोटीचा. कलावंताला कळलं, पण इतरांना ते कसं मिळणार?

याच टापूत ही परीक्षा एकदा झाली आहे. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्यातले स्वर तारेवर मोजले आणि १९१० साली बावीस श्रुतींवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं. अर्नेस्ट क्लेमंट्स या आय.सी.एस. अधिकाऱ्याच्या साथीने श्रुतींचं हार्मोनियमही घडलं. १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत त्यावर वाद पेटला. पुढे १९६३ साली जैरजभॉय आणि स्टोन या संशोधकांनी यंत्राने मोजमाप केलं, तेव्हा एकाच मैफलीत तोच कलावंत तोच स्वर थोडा हलवत असल्याचं दिसलं. देवलांचे आकडे टिकले नसतील, पण त्यांनी ते लिहून ठेवले म्हणूनच ते तपासता आले.

याच्या उलटही घडलं. तार जिथे छेडावी, तिथे ज्या उपस्वरांचा स्थिर बिंदू येतो ते ऐकू येऊ नयेत, असं शास्त्र सांगत होतं. १९२१ साली चंद्रशेखर वेंकट रामन यांनी दाखवलं की तंबोरा हा नियम पाळत नाही. कारण त्याची घोडी रुंद आणि वक्र असते, आणि तारेखाली दोरा असतो. मिरजेत जवारी काढणारा, म्हणजे घोडी घासून तिला आकार देणारा कारागीर कानशीने हीच वक्रता कानाने साधत आला होता. रामन यांनी त्याला प्रमाणपत्र दिलं नाही, त्याच्या वाद्याकडून भौतिकशास्त्राला प्रश्न मिळवला. कला आणि विज्ञान यांचं नातं असं बरोबरीचं असावं.

आनंदरावांनंतरची दोन वर्षं

मला या कथेत १९१६ ते १९१८ ही दोन वर्षं सर्वांत मोलाची वाटतात. आनंदराव गेले, पण त्यांचा शोध बुडाला नाही, कारण बाबूराव शेजारी बसून काम करत होते. पुढे दामले, फत्तेलाल, शांताराम हे चित्रपटकार महाराष्ट्र फिल्म कंपनीतच घडले. १९२९ साली त्यांनी कोल्हापुरातच ‘प्रभात’ काढली, १९३३ मध्ये ती पुण्याला गेली, आणि १९६० साली तिच्याच आवारात देशाची फिल्म इन्स्टिट्यूट उभी राहिली. म्हणजे ज्ञान हस्तांतरित झालं, पाचवी कसोटीही पार पडली. फक्त ते हातातून हातात गेलं, कागदावरून नव्हे.

या वाटेला एकच धोका असतो: मधला एक हात निसटला की साखळी तुटते. महाराष्ट्र फिल्म कंपनीचे बहुतेक मूकपट आज उरलेले नाहीत.

युरोपातल्या कलासंस्थांनी २०२० च्या व्हिएन्ना जाहीरनाम्यात कलात्मक संशोधनाला पूर्ण संशोधनाचा दर्जा मागितला. आपल्याला त्यासाठी व्हिएन्नाचं उदाहरण लागू नये. मूर्तिकार, वाद्यकार, छायालेखक यांना विद्यापीठात भाषणापुरतं बोलावण्याऐवजी त्यांच्या शेजारी एक विद्यार्थी वर्षभर बसवावा. कोणती जवारी बिघडली, कोणता साचा फुटला आणि का, हे त्याने लिहावं. कलावंताला विद्यापीठाच्या भाषेत प्रबंध लिहायला लावू नये. त्याच्या कामातला प्रबंध आपण वाचायला शिकावं.

बाबूरावांच्या शेजारी दामले बसले होते. आज कुणाच्या शेजारी कोण बसलं आहे, हे पाहणं हे विद्यापीठाचं काम आहे.