थंड हवेतून उष्णतेची वसुली

उन्हाळ्याच्या दुपारी बोरसी गावातल्या एखाद्या गल्लीतून जाताना वातानुकूलन यंत्राच्या बाहेरच्या पेटीतला उष्ण झोत अंगावर आला, की खोलीतली उष्णता नष्ट होत नसून तिचे केवळ स्थलांतर होते, हे चिकित्सक माणसाच्या ध्यानी येते. हाच क्रम उलटवून हिवाळ्यात बाहेरची उष्णता घरात आणणारे यंत्र म्हणजे उष्णता-पंप. ही कल्पना लॉर्ड केल्व्हिन यांनी 1852 साली मांडली.

परंतु पौषातल्या गारठ्यात बाहेर उष्णता असते तरी कोठे? वस्तुतः उणे 273 अंशांपर्यंत कोणताही पदार्थ उष्णतेला सर्वस्वी पारखा होत नाही. प्रश्न असतो तो वसुलीचा. बाहेरच्या नळ्यांत कमी दाबाखाली खेळवलेला, हवेहूनही थंड असा द्रव तिची उष्णता शोषून वायुरूप होतो. कॉम्प्रेसरने दाबताच तो वायू खोलीपेक्षा तप्त होतो, आत ऊब देऊन पुनश्च द्रवरूप होतो आणि अरुंद झडपेतून दाब उतरताच थंड होऊन बाहेर परततो.

विहिरीवरची मोटर पाणी निर्माण करीत नाही, केवळ वर चढवते. तद्वतच येथे वीज उष्णता वाहून आणते. म्हणून साधा हीटर एका युनिटात एका युनिटाइतकीच ऊब देतो, तर सौम्य थंडीत हा पंप तीन-चार युनिटांइतकी देतो. थंडी वाढेल तसतसे हे उत्पन्न घटते.

बोरसीच्या अल्पकालीन हिवाळ्यास स्वतंत्र यंत्रणेची गरज नाही. हाच क्रम दोन्ही दिशांनी चालवणारा ‘हॉट अँड कोल्ड’ एसी पुरतो. मात्र सर्वच एसींना ही सोय नसते, हे खरेदीपूर्वी पाहावे.