पावसात विरघळणारा सह्याद्री

महाबळेश्वरला जुलैत कोसळणारा पाऊस किंचित आंबट असतो. जिभेला ते कळत नाही, कातळाला कळतं. थेंब खाली येता येता हवेतला थोडा कार्बन डायऑक्साइड पोटात घेतो आणि सौम्य आम्ल बनतो. जमिनीत मुरताना त्याला मुळांचा आणि सूक्ष्मजीवांचा उच्छ्वास भेटतो. मातीच्या पोकळ्यांत हा वायू बाहेरच्या हवेपेक्षा कितीतरी पटींनी जास्त साठलेला असतो. असं आणखी आंबट झालेलं पाणी काळ्या बेसॉल्टला भिडतं आणि दगड विरघळू लागतो.

शिलावरण, जलावरण, वातावरण, जीवावरण ही नावं भूगोलात आपण वेगवेगळी पाठ केली. या एका ओल्या कातळावर ती वेगळी काढून दाखवा पाहू! नैर्ऋत्येचा वारा अरबी समुद्राची वाफ आणतो खरा, पण डोंगर त्याला वर चढायला लावतो म्हणून इथे 5,000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पलीकडे माणदेशात त्याचा जेमतेम दहावा हिस्सा. म्हणजे सह्याद्री स्वतःला झिजवणारा पाऊस स्वतःच ओढवून घेतो.

लोह आणि ॲल्युमिनियम सहजी विरघळत नाहीत. ते मागे उरतात आणि माथ्यावर तांबडा जांभा तयार होतो. कासची फुलं त्याच्यावरच्या पातळ मातीत फुलतात. कॅल्शियम, सिलिका आणि बायकार्बोनेट झालेला हवेतला कार्बन मात्र कृष्णेबरोबर निघतात, सुमारे 1,400 किलोमीटर पूर्वेला, बंगालच्या उपसागराकडे. समुद्रात फोरामिनिफेरासारखे एकपेशीय जीव त्यांतून चुन्याची कवचं घडवतात, डायटम सिलिकेची. जीव मरतात, कवचं तळाशी साचतात. हवेत फिरणारा कार्बन असा दगडात कोंडला जातो.

मला सर्वांत थक्क करते ती याची उलटी बाजू. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी हाच बेसॉल्ट लाव्हा होऊन भेगांतून वाहत होता आणि हवेत प्रचंड कार्बन डायऑक्साइड सोडत होता. आज तोच थिजलेला खडक हा वायू परत घेतो आहे. पृथ्वी तापली की पाऊस वाढतो, झीज वाढते, वायू घटतो, तापमान उतरतं. ही दुरुस्ती होते खरी, पण तिला लाखो वर्षं लागतात. आपल्या धुराड्यांचा वेग तिला झेपणारा नाही.

आणि तळाशी गेलेला कार्बनही कायमचा अडकत नाही. उपसागराच्या पूर्वेला भारतीय भूपट्ट अंदमानच्या बेटांखाली सरकतो आहे. गाळासह खोल गेलेला समुद्रतळ तापतो आणि त्यातला काही कार्बन ज्वालामुखींतून पुन्हा वर येतो. त्याच रांगेतलं बॅरन बेट दीर्घ शांततेनंतर 1991 मध्ये जागं झालं आणि तेव्हापासून अधूनमधून राख आणि लाव्हा ओकतं आहे.